शेकाट्यांचं पाणी

कासूच्या खाडीकडच्या बांधावर आता एकट्या पुतळीचंच घर उरलं होतं. मिठागर बंद पडलं तशी बाकीची कुटुंबं पेणला गेली. नवरा विठू वारला. मुलगा निलेश धाटावच्या कंपनीत, त्याचं बिऱ्हाड तिथंच जवळ, वरशाला. ओसाड मिठागरात शेकाटे घरटी करू लागले, तेव्हा पेणच्या एका पक्षिसंस्थेनं तिला काम दिलं: बांधातल्या उघाडीच्या, म्हणजे पाण्याच्या दाराच्या, फळ्या वरखाली करून भरतीचं पाणी बेतानं आत घ्यायचं, जादा झालं तर ओहोटीला सोडायचं. घोट्याएवढंच हवं. कमी झालं की कुत्री चालत घरट्यांपर्यंत जात, वाढलं की अंडी बुडत.

बोलायला कोणी नसे. फळी ओढताना ती पाखरांनाच सांगे, "आलं गो बायांनो पाणी." लाल काटकुळ्या पायांचे ते पक्षी आधी तिला बघून कलकलाट करत उठत. पुढे पुढे उठेनासे झाले.

वैशाखातल्या अमावस्येला भर दुपारी उधाण आलं आणि उघाडीची कुजकी फळी मोडली. खाडी धो धो आत घुसली. पुतळीनं गोणपाटं कोंबली, चिखल थापला. सगळं वाहून गेलं. तिनं संस्थेतल्या भाविका नावाच्या मुलीला फोन लावला.

"काकी, निघतेच, पण तास तरी लागेल."

निलेश शिफ्टला, त्याचा फोन बंद.

चिखलाच्या ढिगाऱ्यांवरच्या घरट्यांना पाणी टेकलं. एक मादी घाईघाईनं काड्या उचलून अंड्यांखाली सारत होती. पाणी बाहेर सोडायची सोय नव्हती, खाडीच वर चढली होती. सखल जागा एकच, आतल्या बांधापलीकडे: विठूचं भाताचं शेत. त्यात खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं दाणा नाही.

पुतळी फावडं घेऊन बांधावर उभी राहिली. मग तिनं बांध फोडला.

भाविका आली तेव्हा ओहोटी लागली होती. काही घरटी गेली होती, बरीचशी वाचली होती. तिनं पाण्याखालच्या शेताकडे पाहिलं आणि पुतळीच्या हातातलं फावडं घेऊन उघाडीचं तोंड मातीनं बुजवायला घेतलं.

रविवारी निलेश आला. "आये, आबाचं शेत पाखरांसाठी बुडवलंस?"

"व्हय."

"आता इथं तुझं हाय काय? चल वरशाला."

"पिल्लं निघायचीत. पाणी कोण बघंल?"

तो जेवला नाही. पण जाण्याआधी उघाडीला नवी फळी बसवून गेला.

पिल्लं निघाली, चिखलात पळू लागली. पुतळीनं कौतुकानं त्याला फोन केला. "आये, कामावर हाय, मंग बोलतो," म्हणाला. नंतर फोन आला नाही. पिल्लांना पंख फुटले आणि एका सकाळी मिठागर रिकामं दिसलं. पुतळी दिवसभर ओट्यावर बसून राहिली. दिवेलागणीला तिनं पुन्हा फोन लावला.

"निलेशा, कधी येतोस न्यायला?"

"काय झालं गो आये?"

"काय नाय रे. इथं कसलाच आवाज नाय."