दहा जणांची दुखणी

घरात माणसं अकरा आणि डॉक्टरकडे जाणारा एकच, काका. खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवायचं त्याचं दुकान दवाखान्यासमोर होतं, म्हणून तीस वर्षांपूर्वी थोरल्या वहिनीने हे काम त्याच्या गळ्यात घातलं ते घातलंच. दर महिन्याला तो डॉक्टरांसमोर स्टुलावर बसायचा आणि वहिनीचा गुडघा, दादाचा दमा, धाकटीची अर्धशिशी असं दहा जणांचं दुखणं पाढ्यासारखं म्हणून दाखवायचा. स्वतः म्हणे ठणठणीत. त्या दिवशी मात्र त्याचा डावा पाय जायच्या बेतात होता, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. त्याला तर मुळीच नाही.

डॉक्टरांबद्दल लोक काय वाटेल ते सांगत. म्हणे फोनवर शिंक ऐकून ते शिंकणाऱ्याच्या आजोबांचं नाव सांगत. एकदा म्हणे बंद दारावरची टकटक ऐकूनच 'कावीळ आहे, बाकावर निजवा' म्हणाले, आणि दार उघडलं तर बाहेर हळदीसारखा पिवळा माणूस. यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं निम्मं पुरून उरायचं.

काका वहिनीच्या गुडघ्यापर्यंत आला, तोच डॉक्टरांनी हात वर केला. "दुसरी चप्पल कुठे रे तुझी?"

काकाने खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल, डावा अनवाणी. तापलेला रस्ता तो तसाच ओलांडून आला होता. बाकावरची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, नशीब, विजार तरी आहे.

डॉक्टर हसले नाहीत. पंचाहत्तरीचा तो माणूस कुरकुरत्या गुडघ्यांनी जमिनीवर बसला आणि काकाचा पाय त्याने मांडीवर घेतला. करंगळीखाली काकाच्याच दुकानातला बारीक खिळा डोक्यापर्यंत रुतलेला होता. भोवतालचं मांस काळं पडलं होतं.

"कधी लागला हा?"

"काय कधी लागला?" काकाने विचारलं.

मग बाकावर कुणी हसलं नाही.

"तुझ्या बापाचंही इथूनच सुरू झालं," डॉक्टर जणू पायाशीच बोलत होते. "मी नवा होतो. खोकला तपासला, पाय पाहिला नाही. गुडघ्याखाली कापावा लागला. तुझ्या वेळी दिवस गेले तेव्हा आईलाही साखर होती. हे सगळं ठाऊक असून तीस वर्षं तुझ्या तोंडून तुझं घर तपासलं, आणि तुझी नाडी एकदाही धरली नाही."

समोर ना फाईल होती, ना कागद. काका बघतच राहिला. या वाकलेल्या पाठीच्या माणसात त्याचं अख्खं घर राहत होतं, गेलेल्यांसकट. तो स्वतः जन्माआधीपासून तिथे राहायला होता, आणि हे त्याला आज कळत होतं.

बोटातून रक्ताचा थेंब काढून डॉक्टरांनी साखर पाहिली. आकडा काही बोलून दाखवला नाही. मोठ्या रुग्णालयाला पत्र लिहिलं, फोनही स्वतःच केला. मग गाडी येईपर्यंत स्टूल ओढून समोर बसले.

"आता घरातलं कुणाचं नको. तुला काय होतंय?"

काकाला दहा जणांचं तोंडपाठ होतं, स्वतःचं एक अक्षर येईना. शेवटी तो म्हणाला, "तहान फार लागते, डॉक्टर. आणि सुईत दोरा ओवता येत नाही."

"आणि?"

मग तो बोलत सुटला. बाहेरची रांग तिष्ठत बसली.

रुग्णालयात करंगळी गेली, पाय राहिला. आठवडाभर उशीर झाला असता तर पायही हाती लागला नसता, असं तिथले सर्जन म्हणाले आणि पत्र लिहिणाऱ्याचा पत्ता मागून घेतला.

घरी आल्यावर वहिनीने पुढच्या महिन्याची यादी सांगायला घेतली. काकाने ती मधेच तोडली. "वहिनी, आपापलं दुखणं आपापल्या पायांनी न्यायचं. डॉक्टरांना तुमची चाल बघू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाही जण दुकानासमोरचा रस्ता ओलांडून दवाखान्यात गेले. सगळ्यांत पुढे लंगडत वहिनी होती.