खेळाच्या बाईंचं खोटं माप

मित्रांनो, मी स्त्रियांच्या वॉर्डातला एक जुना प्लास्टिकचा जग आहे. सरबताचा नव्हे, लघवी मोजायचा. नाक मुरडून झालं असेल तर पुढे सांगतो.

कारखान्यातल्या गरम साच्यात माझा जन्म झाला. अंगावर मापाच्या रेघा होत्या, त्यामुळे माझी मान सदा ताठ. पुढे रेघा पुसट झाल्या, नवे चकचकीत जग आले आणि मी फळीवर जाऊन बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण थोरल्या सिस्टरबाई मलाच उचलायच्या. "हा म्हातारा चुकत नाही," म्हणायच्या.

एकदा शाळेतल्या खेळाच्या बाई आल्या. धाकटी मुलगी झाल्यापासून खोकलं, शिंकलं, उडी मारली की त्यांना थेंब थेंब लघवी व्हायची. सात वर्षं त्या शिट्टी फुंकून मुलींना उड्या मारायला लावत आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहत. मोकळं हसणंही बंद. व्यायामानेही गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून मूत्रमार्गाखाली आधाराची बारीक पट्टी बसवली.

दुसऱ्या सकाळी लघवीसाठी घातलेली नळी काढली. सिस्टरबाई म्हणाल्या, "यात लघवी करून दाखवा. नीट झाली की घरी."

दुपारी धाकटीची दोरीउड्यांची शर्यत होती. बाईंना ती चुकवायची नव्हती. पण लघवी होईना! सात वर्षांची रोखून धरायची सवय एका सकाळी कशी सुटणार? शेवटी बाईंनी मला गुपचूप नळाखाली धरलं, बरोब्बर तीनशेच्या रेघेपर्यंत. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टरबाईंनी माझ्या पोटाला हात लावला. "अगंबाई, एवढी थंडगार? बर्फ खाल्लात की काय?"

बाईंचा चेहरा पडला. मग दोघींची नजरानजर झाली आणि बाई खो खो हसत सुटल्या. हसता हसता थबकल्या, गाऊन चाचपला.

"सिस्टर, कोरडं आहे हो!" म्हणाल्या आणि रडूच लागल्या.

"मग आता खरं माप द्या. आत तुंबली तर त्रास तुम्हालाच."

धास्ती गेली होती. अर्ध्या तासात मी खरंखुरं भरलो आणि बाईंनी शर्यत गाठली.

मित्रांनो, तुमची आई उडी मारायला कचरत असेल तर तिला हसू नका. यावर उपाय आहे, एवढं सांगा. आणि जमलं तर माझ्या रेघा पुन्हा रंगवा.

दोन महिन्यांनी बाई तपासणीला आल्या आणि फळीसमोर त्यांनी अशी उडी मारली, की मी धाडकन खाली पडलो. कानाला तडा गेला. तो मी अजून मिरवतो.