वास असलेला माणूस

तोंडवलीच्या दत्तप्रसाद मास्तरांची सकाळ साडेपाचला विहिरीवरच्या पंपाच्या आवाजाने सुरू होई. टाकी भरेपर्यंत ते घरापुढच्या खळ्यातला पालापाचोळा एका कडेला ओढत. सहाला त्यांची बायको शर्मिला चुलीवर पाणी ठेवी आणि सव्वासहाला मास्तर वडिलांना, आबांना, उठवत. काचबिंदूने आबांची दृष्टी गेली होती, दीड वर्षापूर्वीच्या झटक्याने डाव्या अंगातली ताकद. पण पडवीपर्यंत ते कुणाचा हात धरत नसत. आधी दाराची चौकट, मग भिंत, मग खुर्चीची पाठ, अशी मोजून अकरा पावले. खुर्चीत बसले की अर्धा कप चहा, आणि सात वाजता उकड्या तांदळाची पेज, सोबत मिठातल्या कैरीची फोड.

गणपती गेल्याच्या तिसऱ्या दिवशीही हे सारे याच क्रमाने झाले. फक्त पेजेचा वाडगा आबांनी उजव्या हाताने दूर सारला.

"हरी येयसर माका पेज नको."

"आबा, दादा बोटीर आसा," मास्तर म्हणाले. "रजा मेळाक नाय त्येका."

"दोन चवथी झाल्यो. बोटीक काय किनारोच नाय?"

हरिश्चंद्र, मास्तरांचा थोरला भाऊ, गेल्या वर्षी वैशाखात एका परक्या बंदरात हृदय बंद पडून गेला होता. आबांना झटका येऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. डॉक्टरांनी बजावले, धक्का बसेल असे काही सांगू नका. दिवसकार्य हरिश्चंद्राच्या मुलाने, अनिशने, मुंबईतच उरकले. आणि काही आठवड्यांसाठी म्हणून सांगितलेले खोटे घरात मुक्कामाला राहिले.

दुसऱ्या दिवशीही आबा जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी नुसते पाणी घेतले. त्यांची कातडी मनगटावर सैल झालेली मास्तरांनी पाहिली आणि त्यांना दादाचा पाइप आठवला.

हरिश्चंद्र रजेवर आला की पहाटे पडवीच्या कठड्यावर बसून पाइप ओढी. फारसा बोलत नसे. ओढून झाल्यावर तो गरम पाइप आबांच्या ओंजळीत देई, आणि आबा थंडीत निखाऱ्यावर हात शेकावेत तसे तो धरून बसत. तो पाइप दादाच्या सामानातून परत आला होता आणि कपाटात एका टॉवेलात गुंडाळलेला होता. मास्तरांनी टॉवेल उलगडला. काळ्या, वाकड्या नळीच्या टोकाला, डाव्या बाजूस, दाढेची खोल खूण होती. ती पाहिल्यावर तो तोंडात धरणे त्यांच्याने होईना.

रविवारी ते मोटारसायकलने बांद्याला गेले. बाजारात तंबाखू-तपकिरीचे एक जुने दुकान होते. मालकाला सगळे भाईच म्हणत.

"पायप व्हयो? कोणाक?" भाईंनी विचारले.

"माकाच."

भाईंनी चष्म्यावरून त्यांना न्याहाळले. "ह्या वयात? बायकोन घरातसून भायर घातल्यान की काय?"

मास्तर कसेनुसे हसले. "घराकडे एक आसा. भावाचो."

"भाव वढणा नाय आता?"

"नाय. आता नाय."

भाईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. काचेच्या कपाटातून त्यांनी चार पाइप काढून कागदावर मांडले. "मगे तो नको. वापरलेल्या पायपात वढणाऱ्याचो जळको थर बसता. तुम्ही कसलीव तंबाखू भरा, चव त्येचीच येतली. पयलो पायप आपलो आसूक व्हयो." मग त्यांनी सरळ नळीचा, जाड वाटीचा एक पाइप पुढे केला. "नवख्यान ह्यो घेवचो. हातात तापणा नाय, साफ करूक सोपो. वाकड्या नळयेत पाणी साचता."

मास्तर तीस वर्षे विज्ञान शिकवत आले होते. कारणे दिलेली त्यांना पटत. भाईंचे म्हणणे बरोबर होते, हे त्यांना कळत होते. तरी त्यांनी डोळे मिटले आणि चारही पाइप एकेक करून ओंजळीत धरून पाहिले. चौथा वाकडा होता. त्याची वाटी तळव्यात तशी बसली जशी दादाच्या पाइपची आबांच्या तळव्यात बसत असे.

"ह्यो," ते म्हणाले.

"तुमची मर्जी. वाटी तिसरो हिस्सोच भरा, सावकाश वढा, धूर गिळू नका. आणि दात रोवू नका हां, नळी जाता."

मागच्या माडांत उभे राहून मास्तरांनी दोन दिवस सराव केला. जीभ पोळली, ठसका लागला. त्यांना तिथे पाहून शर्मिला म्हणाली, "ओ, पोरा बघतीत तुमची शाळेतली. मास्तर म्हणून मान देतत, तो खंय ठेवतलास?" पण तिनेही आबांचा न शिवलेला वाडगा पाहिला होता. ती तेवढ्यावर थांबली.

बुधवारी सकाळी आबा खुर्चीत बसल्यावर मास्तर कठड्यावर बसले. पाइप भरला. काडीपेटी खिशातून काढली. काडी अजून ओढायची होती.

"कधी इलंस रे हरी?" आबा म्हणाले.

मास्तरांचा हात थबकला. सरावाचा वास कपड्यांना राहिला असेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले. "आत्ताच," ते म्हणाले, आणि आवाज त्यांना वाटला त्याहून जाड निघाला.

आबांनी त्या दिवशी दोन वाडगे पेज घेतली.

मग रोजचा नेम झाला. आबांना आता शर्मिला उठवी, आणि सकाळी अर्धा तास मास्तर हरिश्चंद्र होत. मोजके बोलत, शेवटी गरम पाइप आबांच्या ओंजळीत ठेवत. त्यानंतर साबणाने न्हाऊन, लवंग चघळून ते शाळेत जात, आणि संध्याकाळी पुन्हा अंग धुऊन दत्ता म्हणून आबांजवळ बसत. आबांच्या गालांवर रंग आला. मास्तरांना मात्र हळूहळू एक गोष्ट जाणवू लागली. संध्याकाळी ते बोलत तेव्हा आबा मान वळवत नसत. उत्तर देत नसत. फक्त ओठांत काहीतरी पुटपुटत, देवासमोर पुटपुटावे तसे.

नवव्या दिवशी पाइप पुसताना मास्तरांना नळीच्या टोकावर एक खळगा दिसला. त्यांनी तो उजेडात धरला. डावीकडे, वरच्या अंगाला, दाढेची स्पष्ट खूण होती.

त्यांनी तो शर्मिलाला दाखवला. तिने पाहिला आणि पदराला हात पुसत म्हणाली, "दात रोवू नका म्हणान सांगललो मां त्या भाईन?"

"ह्या बाजूक?"

शर्मिलाचा चेहरा उतरला. मास्तरांच्या डावीकडच्या वरच्या दाढा तीन वर्षांपूर्वी मालवणला काढल्या होत्या. त्या बाजूने त्यांना चहात बुडवलेले बटरही चावता येत नसे. आठ दिवसांत एवढी खोल खूण पडत नाही, हे सांगायला भाईंची गरज नव्हती.

"बंद करा ह्या," ती हळूच म्हणाली.

"आबा परत उपाशी ऱ्हवतीत."

शर्मिलाने पाइप हातात घेतला नाही.

म्हाळाच्या आदल्या सकाळी पाऊस उघडला होता. म्हाळ म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी पान वाढायचा दिवस. ज्याला जे आवडे ते त्याच्या पानावर ठेवायचे. आई जानकीच्या पानावर या घरात दरवर्षी भातासोबत एक विडा असे. मास्तरांनी पाइप ओढून आबांच्या ओंजळीत दिला. आबांनी तो बराच वेळ धरून ठेवला.

"हरी, फाल्या म्हाळ मां?"

"होय."

"आवशीच्या बाजूक दत्ताचा पान वाढूक विसरा नको."

मास्तरांना खळ्यातला एकही आवाज ऐकू येईनासा झाला.

"कोणाचा?"

"दत्ताचा. तुम्ही माका सांगलास नाय, माझा काळीज सोसणार नाय म्हणान. पण माका कळता रे." आबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आले. "सांजचो येता तो, बाजूक बसता, बोलताव. पण त्येका वास नाय. जित्या माणसाक वास आसता. माझो धाकटो झील गेलो, आणि माका रडाकव दिलास नाय."

मास्तर उठले. त्यांनी पाइप परत घेतला, झाडला आणि कपाटात दादाच्या पाइपाशेजारी ठेवला. दोन्ही नळ्यांवर डावीकडे एकसारखी खूण होती. त्या दिवशी त्यांनी पुन्हा काडी ओढली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात शर्मिलाने केळीची पाने मांडली. आईच्या पानावर विडा ठेवून ती नवऱ्याकडे पाहू लागली. मास्तर नुकते न्हालेले होते. केस ओले होते. त्यांनी आईच्या शेजारचे पान आपल्या हाताने वाढले. भात, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. मग पडवीत जाऊन त्यांनी आबांचा हात धरला. आबांनी हात सोडवून घेतला नाही. भिंत चाचपत दोघे आत आले आणि पानांसमोर बसले.

"ह्या पान कोणाचा?" आबांनी विचारले.

"दादाचा."

आबांनी मान आवाजाकडे वळवली.

"दादा गेलो, आबा. गेल्या वर्साच्या वैशाखात. सकाळचो कठड्यार बसायचो तो मी. मी दत्ता."

आबांनी सावकाश मुलाचे मनगट नाकाशी नेले.

"साबण," ते म्हणाले.

"होय. तो माझो वास."

आबांनी ते मनगट सोडले नाही. शर्मिला पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली, पण मास्तरांनी नजरेनेच तिला थांबवले. मग आबांनी मनगट सोडले, अधू हात दुसऱ्या हाताने उचलला आणि ओंजळ पुढे धरली.

मास्तरांनी कपाटातून बांद्याचा पाइप आणून त्यांच्या ओंजळीत ठेवला. वाटी रिकामी होती. कालच्या सकाळपासून त्याला विस्तव लागला नव्हता.

"ऊन आसा रे अजून," आबा म्हणाले.

मास्तरांनी वाटीला बोट लावले आणि काढून घेतले; ती खरेच गरम होती. कारण शोधायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. त्यांनी आबांचा हात पानाच्या कडेपर्यंत नेला. आबांनी कड चाचपली, भाताचा ढीग चाचपला, आणि पाइप त्याच्या डाव्या बाजूला ठेवला.

मास्तरांनी खिशातली काडीपेटी काढली आणि पाइपाशेजारी ठेवून दिली.