नत्थुजींच्या डोक्याचा फोटो

मला उजेडाकडे धरा, म्हणजे मी बोलते. अंधारात मी नुसती काळी पाटी. मी एमआरआयची फिल्म, आणि माझ्यावर नत्थुजींचा मेंदू आहे. त्यांची बायको गोदाबाई कांदा चिरते ना, तशा पातळ पातळ चकत्यांमध्ये.

जन्म माझा अमरावतीचा. नत्थुजींना त्या ठकठक करणाऱ्या मशीनच्या बोगद्यात झोपवलं, गोदाबाई बाहेर तोंडाला पदर लावून बसली, आणि थोड्या वेळाने मी बाहेर आले. काय तोरा होता माझा तेव्हा! अख्खा माणूस आपल्या पोटात आहे, असंच वाटायचं.

पोळ्याच्या दिवसापासून नत्थुजींनी बोलणंच सोडलं होतं. जेवायचे, हिंडायचे-फिरायचे, पण तोंडातून शब्द नाही. त्यांचा मुलगा किशोर नांदगाव पेठला कापड कारखान्यात कामाला. तो घाबरला. लकवा तर नाही ना, म्हणून बापाला घेऊन तो मशीनपर्यंत आला होता.

डॉक्टरांनी मला दिव्यावर लावून नीट पाहिलं. म्हणाले, "काही बिघाड नाही. वयाच्या मानाने मेंदू चांगला आहे."

"मंग काहून बोलत नाईत हे?" गोदाबाईने विचारलं. "यायच्या मनात काय हाये, ते पाहा ना त्याच्यात."

डॉक्टर भला माणूस, हसला नाही. "मावशी, यात मेंदू दिसतो, मन नाही दिसत. विचार करताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो, हे दाखवणारी तपासणी असते. पण तो विचार लेकीचा की शेताचा, ते तिलाही सांगता येत नाही."

मला राग आला. मी असताना असं बोलायचं म्हणजे काय?

गावात आल्यावर माझी वरातच निघाली. येईल तो मला खिडकीशी धरायचा. शेजारच्या शेषरावांनी तर मला उलटी धरली आणि एका पांढऱ्या गोळ्यावर बोट ठेवून सांगितलं, "हे पाहा, राग इथं साचून रायला." तो नत्थुजींचा डोळा होता. नत्थुजी खाटेवर बसून आपल्याच डोक्याची ही चौकशी मुकाट्याने पाहत होते. मला त्यांची फार दया आली.

एके दुपारी गोदाबाई मला दारातल्या उन्हात धरून उभी राहिली. पाहून पाहून तिचे हात भरून आले. तिने मला खाली घेतलं. मी बाजूला झाले, तर समोर गोठा, आणि गोठ्यात दोन रिकामे खुंटे. ती तशीच उंबरठ्यावर बसली.

आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि त्यांना रीतसर आवतन देतात: 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' नत्थुजींनीही हरण्या आणि सुभान्याला तसं आवतन दिलं होतं. जोडी विकायला त्यांची ना नव्हती. त्यांचे स्वतःचे गुडघे गेले होते, शेत होत नव्हतं. ठरलं होतं पोळ्यानंतर न्यायचं. पण घेणाऱ्या मोतीरामला सणालाच दारात जोडी हवी होती, म्हणून तो सकाळीच आला. नत्थुजी झुली आणायला बाजारात गेले होते. किशोरने दावी सोडून दिली.

कामावरून किशोर आला तशी गोदाबाई म्हणाली, "बैल इकले त्याचं नाई रे. त्याइनं आवतन देल्लं होतं. तू पाव्हणे उपाशी उठवले."

किशोरने हातातला डबा उंबरठ्यावर ठेवला. मग म्हणाला, "मले वाटलं, तिकडं त्यायचा पोळा झोकात होईन."

सुट्टीच्या दिवशी गोदाबाईने सणासारखं पुरण घातलं. नत्थुजी आणि किशोरला घेऊन मोतीरामकडे जायला ऑटो केला. परस्पर डॉक्टरकडेही जाऊ, म्हणून मलाही पिशवीत घेतलं, गरम पोळ्यांच्या डब्याला चिकटवून.

मोतीरामने "या, नत्थुभाऊ" म्हणून गोठा दाखवला. हरण्याने ओळखलं. दावं ताणून त्याने नत्थुजींच्या बंडीत नाक खुपसलं. नत्थुजींनी डबा उघडला. त्यांनी पोळी पुढे केली, आणि आवाज आला, खरखरीत, गंजलेला:

"उशीर झाला, बापा. जेवून घ्या."

गोदाबाई तिथेच रडायला लागली. किशोरने बापाचे पाय धरले. "ऊठ," नत्थुजी म्हणाले, "पाणी दाखव त्यायले." डॉक्टरकडे जायचं कोणाला आठवलंच नाही.

आता मी आमच्या गोठ्याच्या फुटक्या झरोक्याला खिळे ठोकून बसवलेली आहे. ऊन-वारा खाते, अंगणातली नत्थुजींची बडबड ऐकते. त्यांनी गोदाबाईला नुकतंच चहात साखर कमी म्हणून सुनावलं, आणि तिला ते ऐकून बरं वाटलं.

माझा तोरा केव्हाच उतरला. उद्या नत्थुजींची दुसरी फिल्म काढली, तर ती हुबेहूब माझ्यासारखी निघेल. न बोलणाऱ्या नत्थुजींची मी, बोलणाऱ्यांची ती. दोघींना शेजारी लावून फरक सांगा पाहू. तेव्हा मला पाहा, जरूर पाहा. गाठबीठ असली तर मी लपवणार नाही. पण पाहून झालं की मला खाली घ्या, आणि माझ्यामागे काय आहे तेही एकदा बघा.