फोडणीच्या पळीला सक्तीची सुट्टी

मी फोडणीची पळी बोलतेय. हो हो, तीच, वाटीएवढ्या तोंडाची आणि लांब दांड्याची! माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. पटकन तापते आणि तापले की तडतडते. पण आज मी रागानं तडतडत नाहीये, आनंदानं तडतडतेय. काय झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

जन्म माझा जयपूरचाच. शास्त्री नगरच्या रस्त्याकडेला बैलगाडीतच बिऱ्हाड करणाऱ्या गाडिया लोहारांचे संसार असायचे. तिथल्या एका लोहारणीनं घणाचे घाव घालून मला घडवलं. ना चकाकी, ना नक्षी. विमलताई तेव्हा नुकत्याच अकोल्याहून आल्या होत्या. नवरा सुखदेवराव रेल्वेत, त्यांची इकडे बदली झालेली. विमलताईंना हिंदी धड येत नव्हतं, तरी त्यांनी अशी घासाघीस केली की लोहारीण हसत म्हणाली, "ले जा बहन, ले जा!"

तेव्हापासून मी जन्मानं जयपुरी आणि चवीनं वऱ्हाडी. रोज वरणाला लसूण-जिऱ्याची फोडणी, सुट्टीच्या दिवशी झणझणीत रस्सा. काय दिवस होते! त्यांची लेक सुवर्णा इथंच वाढली. आता इथल्याच झालाना भागातल्या एका ऑफिसात जाते आणि मराठीत हिंदी घोळून बोलते. पण ताटावर बसली की अजून म्हणते, "आई, वरून फोडणी दे ना थोडी."

मागच्या महिन्यात विमलताईंचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन अगदी छान झालं हो! घोळ झाला तो नंतर, आणि तो घातला भेटायला येणाऱ्यांनी.

आपल्या माणसांची एक तऱ्हाच आहे. आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. येताना सफरचंदं आणतात आणि जाताना एकेक पथ्य ठेवून जातात! रेल्वेतल्याच ओळखीच्या इंदुबाई आल्या. "डाळ बंद करा बाप्पा, वातूळ असते." सुखदेवरावांचे मित्र वसंतराव आले. "अंडं? छे छे, टाके पिकतील!" शेजारच्या भाभीजींनी दही बंद केलं. भात कुणी बंद केला ते आता आठवतही नाही. आणि अकोल्याच्या नणंदबाईंनी तर कमालच केली. त्यांनी फोनवरून फोडणी बंद केली! मला! इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला घरी बसवलं!

सुखदेवरावांना मी दोष देत नाही. बायकोला असं आडवं पडलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. घाबरून गेले बिचारे. जो जे सांगेल ते ऐकत गेले. शेवटी उरलं काय, तर साबुदाण्याची पातळ पेज आणि पाण्यात उकडलेला दुधी. तुम्ही खाल का हो? मी तर पळी आहे, मलाही तो दुधी बघवेना.

मी खिळ्याला टांगल्या टांगल्या बघत होते. ताट जसं जायचं तसंच परत यायचं.

"मले वासच नाही येत कशाचा," विमलताई आतून म्हणायच्या. "नका आणू."

"आई, दोन चमचे तरी खा. मतलब, माझ्यासाठी," सुवर्णा विनवायची. काही उपयोग नाही.

मग टाके दाखवायला तिघं दवाखान्यात गेली. परत आल्यावर सुवर्णा थेट माझ्यासमोर, ओट्याशी येऊन रडली.

"बाबा, ऐकलं ना? जखम भरतच नाहीये. खाल्लं नाही तर परत ॲडमिट करावं लागेल. डॉक्टर बोलल्या, डाळ, अंडं, दही, सगळं द्या."

"पण इंदुबाई तर म्हणत होत्या..."

"इंदुबाईंनी ऑपरेशन केलं का, बाबा?"

वा गं पोरी! सुखदेवरावांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "अन् फोडणी?"

माझा तर जीव वर-खाली!

"मिरची कमी ठेवा बोलल्या. फोडणीला कुणी मना केलं?"

अहो, काय सांगू तुम्हाला! सुखदेवरावांनी मला खिळ्यावरून काढलं, धूळ पुसली, तूप घातलं. सुवर्णानं लावलेलं मुगाचं वरण एव्हाना शिजून तयार होतं. जिरं तडतडलं, लसूण पडला, चर्र! सगळं घर घमघमलं. आणि आमचे साहेब मला गॅसवर तशीच ठेवून हिंग शोधायला लागले. लसूण लाल व्हायला लागला. मी ओरडतेय, उतरवा मला, उतरवा! पण माझं ऐकतो कोण?

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"आवो, लसूण जाळता का? उतरवा तिले आधी!"

विमलताई! एक हात चौकटीला, एक हात पोटावर, आणि चेहऱ्यावर राग! खराखुरा राग! अहो, ऑपरेशननंतर पहिल्यांदा ती बाई कुणावर तरी रागावली होती.

"तू उठली?" सुखदेवरावांच्या हातातली हिंगाची डबी तशीच राहिली.

"वास आला न! भूक लागली मले. वाढा."

त्या दिवशी त्यांनी मऊ भात आणि वरण खाल्लं, आणि परत मागितलं. संध्याकाळी अंडं खाल्लं. सुवर्णा फोनवर मैत्रिणीला असं सांगत होती, जणू आई परीक्षेत पहिली आली!

मग रोज तेच सुरू झालं. खरं सांगू? लसूण केव्हा उतरवायचा हे सुखदेवरावांना आता नेमकं समजतं. तरी ते गॅस मोठा ठेवतात आणि आतल्या खोलीकडे कान देऊन उभे राहतात. विमलताई चालत येतात, रागावतात, आणि तिथंच बसून जेवतात.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. आजाऱ्याला भेटायला जरूर जा. पण काय बंद करायचं ते डॉक्टरांना सांगू द्या. तुम्ही फक्त विचारा, आज काय खावंसं वाटतंय? जमलं तर करून न्या.

कालच डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरली! आज विमलताई स्वतः ओट्याशी आल्या. "सरका," म्हणाल्या आणि माझा दांडा असा घट्ट धरला की मी मोहरून गेले. लसूण बरोब्बर सोनेरी झाला. वरणावर फोडणी पडली. त्यांनी पहिलं ताट वाढलं आणि ते सुखदेवरावांच्या पुढ्यात ठेवलं.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "महिना झाला, तुमी तरी कुठं धड जेवले?"