फोटोतली मुलगी आजारी आहे

मी रिटचिंगचा ब्रश बोलतोय. भिंती रंगवणारा नव्हे. त्याच्याशी माझी गल्लत केली की माझं डोकं फिरतं. माझ्या टोकाला खारीच्या शेपटीचे मोजके केस आहेत. एका फोटो स्टुडिओत मी अख्खं आयुष्य काढलं. लोकांचे चेहरे 'सुधारणं' हे माझं काम.

'सुधारणं' हा माझ्या मालकांचा शब्द. मालक म्हणजे स्टुडिओचे फोटोग्राफर. ते मला टोपण घालून कोटाच्या वरच्या खिशात ठेवायचे. बाजारात गेले तरी मी बरोबर, बायकोला पोचवायला स्मशानात गेले तेव्हाही बरोबर. त्यामुळे मी जे सांगतोय ते ऐकीव नाही.

आमचं काम जरा समजून घ्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. गोरा माणूस काळा दिसतो, काळा गोरा. एखाद्याला उजळ करायचं तर निगेटिव्हवर त्याच्या चेहऱ्यावर मी पातळ लाल रंग चढवायचो, एक थर वाळला की दुसरा. जितके थर जास्त, तितका कागदावर माणूस गोरा. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन म्हणायचं, "वा, अगदी हुबेहूब आलाय." स्वतःबद्दलची थाप माणसाला किती चटकन पटते, हे मी जेवढं पाहिलंय तेवढं कोणी पाहिलं नसेल.

आमच्या गावात रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे गोरे राहायचे आणि पलीकडे काळे. स्टुडिओ अलीकडे. काळ्या गिऱ्हाइकांनी मागच्या दारानं यायचं, तेही फक्त गुरुवारी दुपारी. मालक त्यांच्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे. दार मात्र मागचंच. "नियम काही मी केलेला नाही," म्हणायचे. मग कोणी केला, ते मला आजवर कळलेलं नाही.

गुरुवारी येणाऱ्यांतलाच एक ट्रक मेकॅनिक मालकांच्या एकुलत्या एका मुलीला आवडला. तिनं त्याच्याशी लग्न केलं आणि रूळ ओलांडून गेली. मालकांनी तिचं नाव टाकलं. चौदा वर्षं घरात तिचा विषय निघाला नाही. मग एका बसला अपघात झाला, नवराबायको दोघंही गेली, आणि त्यांची दोन मुलं एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या पुढच्या दारात येऊन उभी राहिली.

थोरली तेरा वर्षांची, बापासारखी काळी. धाकटा आठ वर्षांचा, आईच्या वळणावर गेलेला, गोरा. मालकांनी आधी धाकट्याला छातीशी धरलं, आणि नंतर थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. मी खिशातच होतो. क्रम माझ्या लक्षात राहिला.

पण खोटं कशाला बोलू, त्यांनी दोघांनाही जीव लावला. थोरली तर कामाला वाघीण. महिन्याभरात डार्करूममध्ये तिचा हात बसला. मला धुवायचं कामही तिनं स्वतःकडे घेतलं. "आजोबा, किती दामटता हो ह्याला! केस तुटतात त्याचे," असं ती मालकांना दटावायची. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या बाजूनं बोललं होतं. मी तिचाच होऊन गेलो.

तिला शिकायचं होतं. पलीकडची शाळा सातवीला संपायची, आणि तिची सातवी झाली होती. अलीकडची शाळा मोठी. काळी मुलं घेत नाही असं त्यांनी कुठे लिहिलेलं नव्हतं, फक्त अर्जाला फोटो लावायला सांगायचे. तो कशाला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मालकांनी दोघांचे फोटो काढले. धाकट्याच्या निगेटिव्हला मला हातही लावावा लागला नाही. थोरलीच्या निगेटिव्हवर मात्र दोन दिवस आम्ही बसून होतो. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, मान. थरावर थर. मी ब्रश, मला नाही म्हणता येत नाही. आणि त्यांनी ते सगळं मायेपोटी केलं, हेच तर मला जास्त छळतं.

प्रिंट बघून थोरली म्हणाली, "ही कोण?"

"तूच की. जरा उजेडातली."

"ताई, तुला कावीळ झाल्यासारखी दिसतेस," धाकटा म्हणाला. तिघंही पोट धरून हसली. मग थोरलीनं फोटो टेबलावर पालथा घातला.

दोघांनाही प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. चाळीस वर्षं मालकांनी लोकांना फोटोवर विश्वास ठेवताना आणि चेहरा विसरताना पाहिलं होतं. शाळाही तसंच करील, एकदा पटावर नाव चढलं की कोण बघतंय, असं त्यांनी गृहीत धरलं. दुसऱ्या कोणी एवढी मोठी चूक केली नसती.

शाळेच्या पहिल्या दिवशी मालक नवा कोट घालून निघाले, मी त्याच्या वरच्या खिशात. थोरलीनं आईचा जुना फ्रॉक लहान करून घातला होता, गणवेश शाळेतूनच मिळणार होता. दोन्ही दप्तरं तिच्याच खांद्यावर. फाटकाशी एक बाई अर्जांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. एकेक फोटो आणि एकेक मूल पडताळून त्या आत सोडत होत्या. धाकट्याच्या अर्जावर त्यांनी खूण केली. मग पुढचा अर्ज उचलला, समोर पाहिलं, परत अर्जाकडे पाहिलं.

"ह्याची बहीण कुठे आहे? फोटोतली मुलगी?"

मालकांचा श्वास थांबला.

"ती... आजारी आहे. आज नाही आली."

"मग ही कोण?"

खरं सांगितलं असतं तर धाकट्याच्या अर्जावरची खूणही पुसली गेली असती.

"ही घरी कामाला आहे," ते म्हणाले. "धाकट्याला सोडायला आलीय."

धाकट्यानं तोंड उघडलं. थोरलीनं त्याचा दंड असा दाबला, की ते तसंच मिटलं. मग तिनं त्याचं दप्तर त्याच्या पाठीवर चढवलं, कॉलर नीट केली आणि त्याला आत ढकललं.

"बरी झाली की पाठवून द्या मुलीला," बाई म्हणाल्या. "जागा आहे तिच्यासाठी."

घरी येताना थोरली मालकांच्या दोन पावलं मागून चालली. ते थांबले की तीही थांबायची. घरात शिरल्यावर स्वतःचं दप्तर खुंटीला अडकवून तिनं विचारलं, "साहेब, चहा ठेवू?"

मालक खुर्चीत बसले. "पोरी, असं नको गं म्हणूस. मी काय करणार होतो?"

"काही नाही. बरोबरच केलंत. नाहीतर त्याचं नाव कापलं असतं." तिचा आवाज जराही चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

संध्याकाळी धाकटा रडून रडून लाल झाला. "उद्या मी सांगणार, ती माझी ताई आहे म्हणून."

"सांगून बघ. जन्मात बोलणार नाही तुझ्याशी," ती म्हणाली. "तू शिक मुकाट्यानं. आणि रोज घरी येऊन मला शिकव."

तो शिकवायचा. तिसरीची पुस्तकं होती ती, तिला तोंडपाठ. तरी मान हलवत ती सगळं ऐकून घ्यायची.

त्याच रात्री मालकांनी मला खिशातून काढलं आणि स्टुडिओतल्या काउंटरच्या, कधीच पुरता न मिटणाऱ्या ड्रॉवरमध्ये टाकलं. नंतर कधी हातात घेतलं नाही. महिन्याभरानं त्यांनी थोरलीचा एक मोठा फोटो काढला. एकही थर न देता, जशी आहे तशी. पुढच्या काचेत, सगळ्या रस्त्याला दिसेल असा लावला. मागचं दार त्यांनी खिळे ठोकून बंद केलं, आता सगळ्यांना पुढचंच. अलीकडची गिऱ्हाइकं एकेक करून तुटली. मालक दिवसभर रिकाम्या स्टुडिओत बसून असायचे, आणि ती "साहेब, जेवण वाढलंय" म्हणून बोलवायला यायची.

परवा एक परगावचा माणूस आला. काचेतला फोटो पाहून आत शिरला, तर समोर हीच झाडू मारत होती. "अगं, तूच ना ती? हे फोटोग्राफर कोण तुझे?"

झाडू थांबला. मालक कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घालून होते. त्यांनी ते बाहेर काढलं नाही.

"माझ्या भावाचे आजोबा आहेत," ती म्हणाली.

मी आता निकामी झालोय. केस रंगात चिकटून लाकडासारखे झालेत, एक दिवस केराबरोबर जाईन. बहुतेक तिच्याच हातानं जाईन, आणि त्याचं मला वाईट वाटणार नाही. जाण्याआधी एवढंच मागतो. तुमच्या घरातल्या पोराकडे बोट दाखवून कोणी विचारलं, "हे कोण?", तर लगेच सांगा. विचार करायला थांबू नका. मालक थांबले होते ते एका श्वासापुरतेच. मी खिशात होतो.