घरचा फेरा

बोलणारा मी आहे. इकडेतिकडे नका बघू, मान जरा वर करा. सोलापुरातून अक्कलकोट रोडनं बाहेर पडलं की डाव्या हाताला शरच्चंद्र सरांची बाग लागते, तिथला आकाशपाळणा मी. माझे सोळा पाळणे, एकेकात चौघं बसतात. बढाई मारत नाही, पण वरच्या टोकाला गेल्यावर भल्याभल्यांना देव आठवतो.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या शेडमधला. पहिली काही वर्षं गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेत गेली. जत्रा असेतोवर उभं राहायचं आणि मग सुटं होऊन ट्रकमध्ये पडायचं, असं सगळं विंचवाचं बिऱ्हाड. सर तेव्हा शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही बाग काढली आणि मला कायमचं काँक्रीटमध्ये रोवलं. आपली जागा मिळाल्यावर माणसाला कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

मला चालवायला जोतिराम आला. सांगोल्याकडचा, मेंढरांमागं वाढलेला गडी. काम तसं बटण दाबायचं आणि बसणाऱ्यांच्या पायांवरची दांडी लावायची, पण तो मला जित्राबासारखा जपायचा. त्याची बायको बाळाबाई फाटकाशी भाजक्या शेंगा विकायची. दिवसभर तिचं तोंड चालू असे, आणि बहुतेक वेळा ते जोतिरामवर असे.

जोतिरामची एक रीत होती. माझी कुठलीही दुरुस्ती झाली की लोकांना बसवण्याआधी तो घरच्यांना बसवायचा. सोळाच्या सोळा पाळणे भरायचे, आणि पहिल्या पाळण्यात बाळाबाई. याला तो घरचा फेरा म्हणायचा. सरांनी एकदा सुचवलं, माणसांऐवजी वाळूची पोती ठेव. जोतिराम म्हणाला, "पोतं भीत न्हाय सर. माणूस भिऊन हालतंय, तवा कुटं नट बोलतोय. आन् आपली माणसं बसवाय जीव धजत नसंल, तर लोकाची कशी बसवायची?" सरांनी पोत्यांचा विषय सोडला. बाळाबाई डोळे गच्च मिटून नवऱ्याला शिव्या देत माझ्यावर फिरायची आणि उतरल्यावर म्हणायची, "ब्येस हाय. सोडा लोकास्नी."

मग ते वर्ष आलं. एका रविवारी माझ्यापुढे तिकिटासाठी भांडणं लागली होती आणि पुढच्या रविवारी फाटकाला साखळी. मला वाटलं, कुणी मोठं माणूस गेलं असेल, चार दिवसांत उघडेल. चार दिवसांचे आठ महिने झाले. माणसं माणसांना भिऊ लागली, हे मी वरून पाहत होतो आणि माझा विश्वास बसत नव्हता. दर आठवड्याला जोतिराम यायचा आणि बेअरिंग गंजून अडकू नये म्हणून मला हातानं पावफेरा फिरवायचा. बाळाबाई फाटकाशी बसून रिकाम्या रस्त्याकडे बघायची.

दिवाळीनंतर माझ्या पायाशी चार खुर्च्या मांडून बैठक झाली. सरांची सून भार्गवी बागेचं ऑफिस सांभाळायची. ती तावातावानं बोलली. "दारूची दुकानं उघडली, लग्नाचे हॉल उघडले, जिम उघडल्या. मोकळ्या हवेतल्या पाळण्यालाच तेवढं कुलूप? निवेदनं देऊन माझे हात दुखायला लागलेत."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर चेतना सरांच्या जुन्या विद्यार्थिनी. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला पाळण्याची भीती नाही, सर. पाळण्याखालच्या गर्दीची आहे."

खरं सांगतो, मी मनातून भार्गवीच्या बाजूचा होतो. मला फिरायचं होतं. डॉक्टरीणबाई मला त्या दिवशी अजिबात आवडल्या नाहीत.

शेवटी वरून परवानगी आली, सोबत नियमांचा कागद. एक पाळणा सोडून एक भरायचा, दोन माणसांत अंतर, मास्क सक्तीचा. भार्गवीनं तो कागद तिकीट खिडकीवर चिकटवला. माझी दुरुस्ती होता होता फेब्रुवारी उजाडला. उघडण्याच्या आदल्या सकाळी जोतिरामनं घरचा फेरा काढला.

आणि सोळाच्या सोळा पाळणे भरले. त्याचे भाऊ, भावजया, माळ्याचं घर, तिकीटवाल्याचं घर, चौघं चौघं मांडीला मांडी लावून बसली. भार्गवी जोतिरामला म्हणाली, "काका, कागदावर एक सोडून एक लिहिलंय."

"ते गिऱ्हाइकासाठी, ताई. ही आपली घरचीच हायती की. अर्ध्या वज्यावर चाचणी केली तर ती चाचणी कसली?"

सर गणिताचे माणूस. त्यांना ते पटलं. भार्गवीलाही पटलं आणि मला तर फारच पटलं. फोटो काढताना सगळ्यांनी मास्क हनुवटीवर घेतले. बाळाबाई डोळे मिटून शिव्या देत होती, लोक हसत होते. उतरल्यावर ती म्हणाली, "ब्येस हाय."

आठवड्याभरात बागेतली अकरा माणसं तापानं पडली. बाळाबाईला दवाखान्यात नेलं, ते ती परत आलीच नाही. तिला शेवटचं बघायलाही कुणाला जाऊ दिलं नाही. बागेला पुन्हा साखळी लागली.

मी हादरलो. आजही सावरलेलो नाही. आयुष्यभर मला एकच भीती माहीत होती, कुणी पडू नये. त्या सकाळी कुणी पडलं नव्हतं. माझा एक नट सैल नव्हता, एक दांडी निसटली नव्हती. माझी चाचणी उत्तम झाली होती, आणि त्या चाचणीनंच घात केला. भार्गवी फोनवर कुणाला तरी सांगत होती की आजार इथूनच पसरला याला पुरावा काय. पुरावा नाही, हे खरंच आहे. पण ती ते पुन्हा पुन्हा सांगत होती.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर पुन्हा परवानगीचा कागद आला. सरांनी जोतिरामला बोलावलं. तो आला, माझ्या खांबाला हात लावून उभा राहिला. सर म्हणाले, "आता लशी झाल्यात, जोतिराम. किती दिवस बंद ठेवायचं? तूच सांग."

"उघडा की सर, मी कशाला न्हाय म्हणू? पण लोकास्नी सोडायच्या आदी घरचा फेरा लागतोय. माज्या घरचं आता कोण बसत न्हाय. तुमच्या घरचं बसवा. मी दांडी लावतो."

भार्गवी पटकन बोलून गेली, "आमचा ओजस लहान आहे हो, काका." आणि बोललेलं स्वतःच्याच कानावर पडल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

मग सर खाली मान घालून म्हणाले, "या वेळी वाळूची पोती ठेवू."

जोतिरामनं माझ्या मोटारीच्या खोलीची किल्ली खुर्चीवर ठेवली. "मग माझं हितं काम न्हाय," म्हणाला आणि गेला. सांगोल्याकडे मेंढरं राखतो असं ऐकलं.

मोडनिंबहून नवा माणूस आला. पोत्यांवर चाचणी झाली आणि रविवारी मी फिरलो. पोरं ओरडली, बायकांनी डोळे मिटले, वरच्या टोकावरून पार माळापर्यंतचा रस्ता दिसला. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. बाळाबाई गेल्यावर बसला नव्हता एवढा धक्का मला त्या आनंदाचा बसला. मी असा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आता माझ्या पायाशी नवा बोर्ड लागलाय: 'आजवर एकही अपघात नाही.' पेंटरनं छान लाल अक्षरांत रंगवलाय. अक्षर न् अक्षर खरं आहे, मी स्वतः साक्षीला आहे.

तुम्ही याल, बोर्ड वाचाल आणि निर्धास्त बसाल. बसा, मी तुम्हाला पडू देणार नाही. फक्त तिकीट काढण्याआधी त्या नव्या माणसाला एकदा विचारा, इथं फाटकाशी शेंगा विकणारी बाई होती, ती कुठं गेली? त्याला माहीत नसेल. तरी विचारा. मला विचारायला तोंड नाही.